लॅपटॉपला घरचे वायफाय दिसेना

घरातील एखादे यंत्र बिघडले की प्रत्येकाजवळ एकेक निदान तयार असते, आणि ते जितके कमी तपासलेले, तितके अधिक ठामपणे सांगितले जाते. सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका दुमजली घरात उन्हाळ्याच्या अखेरीस असेच घडले. सायंकाळी वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, दोन तास वीज गेली. ती परतली तेव्हा पंखे फिरू लागले, फ्रीज पुन्हा गुरगुरू लागला, सर्वांच्या फोनवर वायफायची खूणही उमटली. केवळ अण्णांच्या लॅपटॉपला घरचे वायफाय दिसेना. शेजारपाजारची सात-आठ नावे यादीत दिसत होती. त्यांत घरचे नाव नव्हते.

थोरला मुलगा म्हणाला, विजेच्या झटक्याने आतील कार्ड जळाले असणार. सूनबाईंना वाटले, राउटर जुना झाला. शेजारच्या काकांनी गॅलरीतूनच सांगितले, की हल्ली व्हायरस असे करतात. मुलाने राउटर तीनदा बंद करून चालू केला, लॅपटॉप चारदा. कोठेतरी वाचले होते म्हणून लॅपटॉपमध्ये साठवलेले घरच्या वायफायचे नाव ‘विसरा’ म्हणून काढूनही टाकले. आता ते नाव यादीतही नव्हते आणि आठवणीतही नव्हते. अखेर दुकानात फोन गेला. दुकानदाराने लक्षणे पुरती ऐकून न घेताच उपाय सांगितला, ‘‘अण्णा, फॉरमॅट मारायला लागतंय बघा. उद्या सकाळी दहाला पोरगं पाठवतो, ते घेऊन येईल.’’

फॉरमॅट म्हणजे नेमके काय, हे अण्णांना ठाऊक नव्हते. ते त्यांनी दुकानदाराला विचारले नाही आणि घरातही कोणाला विचारले नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस नव्या यंत्रासमोर आपले अज्ञान झाकतो, तसे ते झाकले. लॅपटॉप अमेरिकेतील धाकट्या मुलाने वापरून झालेला. चार वर्षांपूर्वी सुट्टीत येताना त्याने तो वडिलांसाठी आणला होता. त्यावर अण्णा मराठी टंकलेखन शिकले, आणि गेली दोन वर्षे रोज सकाळी तासभर बसून घराण्याची हकिकत लिहीत होते. मूळ गाव कोणते, पणजोबांनी पेठेत दुकान केव्हा काढले, कोणत्या आत्याचे सासर कोठे, १९७२च्या दुष्काळात घराने दिवस कसे काढले, असे सारे. एकशे चाळीस पाने झाली होती. ज्यांच्याकडून ते ऐकले, त्यांतील निम्मी माणसे आता नव्हती. ती पाने अन्यत्र कोठेही नव्हती.

रात्री नात क्लासहून परतली. बारावीतील मुलगी, संगणकाची विद्यार्थिनी नव्हे, जीवशास्त्र घेतलेली. जेवता जेवता तिने सर्व ऐकले आणि एकच प्रश्न केला, ‘‘अण्णा, तुमच्या लिखाणाची दुसरी प्रत कुठं आहे?’’

अण्णा म्हणाले, ‘‘दुसरी कशाला? आहे की त्यातच.’’

तिने हात धुतले, कपाटातून पेन ड्राइव्ह काढला आणि ती पाने, जुन्या छायाचित्रांच्या फोल्डरसह, त्यावर उतरवून घेतली. पाच मिनिटेही लागली नाहीत. नंतर पेन ड्राइव्हवरची फाइल उघडून शेवटचे पान नीट दिसते का, तेही पाहिले. फॉरमॅट म्हणजे यंत्र कोरे करणे, हे तिने आजोबांना तेव्हा सांगितले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

इंटरनेट न मिळणारा लॅपटॉप हा क्वचितच मेलेला लॅपटॉप असतो. त्यातील फाइली इंटरनेटशिवायही जशाच्या तशा उघडतात, आणि म्हणूनच दुरुस्तीचे पहिले पाऊल दुरुस्तीचे नव्हे, प्रत काढण्याचे असावे. दुकानाला दोष देण्याचेही कारण नाही. दहा गिऱ्हाइके रांगेत असताना दोष शोधण्यापेक्षा सर्व पुसून नव्याने बसविणे त्याला स्वस्त पडते. गिऱ्हाइकाला ते महाग पडते, आणि ते त्याला नंतर कळते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णांनी आयुष्यभर दुसरे काही केलेच नव्हते. ते दोष शोधत आले होते. दूरसंचार खात्यात, म्हणजे २००० साली ज्याचे बीएसएनएल झाले त्या खात्यात, त्यांची सारी नोकरी टेलिफोनच्या तारा तपासण्यात गेली. ‘फोन बंद आहे’ अशी तक्रार १९८ क्रमांकावर नोंदवली जाई, आणि तेथून काम सुरू होई. फोन बंद म्हणजे काय बंद? डबा, घरातील तार, खांबावरील डी.पी., रस्त्याखालची केबल, तिचा एखादा सांधा, की एक्स्चेंजमधील जोडणी? मुरलेला लाइनमन ग्राहकाच्या दारात जाऊन डबा उघडीत बसत नसे. तो वाटेत मध्येच कोठेतरी, पिलरवर किंवा डी.पी.वर, तारेला आपला तपासणीचा फोन लावी. तेथे एक्स्चेंजचा आवाज आला तर मागची सगळी वाट शुद्ध, दोष पुढे. न आला तर पुढचे पाहण्याचे कारणच नाही. एका तपासणीत अर्धा रस्ता बाद होई. दुसरीत उरलेल्याचा अर्धा. पावसाळ्यात मैलभर केबलमधील पाणी शिरलेला एक सांधा याच रीतीने सापडे.

हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. लॅपटॉपला तार नसल्यामुळे ते येथे लागू पडेल असे त्यांना वाटले नव्हते, इतकेच. नातीने लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून एकामागून एक बटणे दाबण्यास आरंभ केला, तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही. ‘‘थांब गं जरा. लाइन कुठपर्यंत जिवंत आहे ते आधी बघू.’’

वायफायची लाइनही टेलिफोनसारखीच टप्प्याटप्प्यांची असते. रस्त्यावरून आलेली काचतंतूची तार घरातील पेटीपर्यंत. पेटीतून राउटरपर्यंत, पुष्कळ घरांत ही दोन्ही एकच असतात. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून रेडिओ-लहर. मग राउटरने लॅपटॉपला दिलेला आकडी पत्ता. आणि शेवटी, संकेतस्थळाचे नाव सांगितल्यावर त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय, जिला डीएनएस म्हणतात. यांपैकी कोणताही एक दुवा तुटला तरी माणूस म्हणतो, ‘नेट नाही.’

पहिली परीक्षा बाहेरच्या लाइनची. सर्वांच्या फोनवर नेट चालू आहे, एवढ्यावर समाधान मानण्यात एक फसगत असते. वायफायचे नेट मिळेनासे झाले की फोन पुष्कळदा गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो, आणि घरचे वायफाय शाबूत असल्याचा भास होतो. म्हणून नातीने आपल्या फोनचा मोबाइल डेटा बंद केला आणि मग एक व्हिडिओ लावून पाहिला. चालला. म्हणजे रस्त्यापासून राउटरपर्यंतची वाट शुद्ध होती आणि राउटरची हवेतील लहरही निदान फोनपर्यंत पोहोचत होती. (पेटीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा पेटलेला असता तर गोष्ट तेथेच संपली असती. तो दिवा बाहेरून प्रकाश येत नसल्याचे सांगतो. अशा वेळी घरात कोणी काहीही दाबले तरी उपयोग नसतो. सेवा देणाऱ्यांना फोन करावा आणि वाट पाहावी.)

दुसरी परीक्षा अर्ध्या वाटेवरची, आणि सर्वांत बोलकी. नातीने फोनचा हॉटस्पॉट चालू केला. फोन हाच एक छोटा राउटर झाला. तिने त्याची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवली, कारण जुने लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतीलच असे नसते. लॅपटॉपच्या यादीत फोनचे नाव तत्काळ दिसले, जोडणी झाली, वर्तमानपत्राचे पान उघडले. ‘‘कार्ड जळालं नाही,’’ अण्णा म्हणाले. वायफायचे कार्ड, त्याचा ड्रायव्हर, आकडी पत्ता घेण्याची व्यवस्था, सर्व ठीक होते. विजेचा झटका, व्हायरस आणि फॉरमॅट, तिन्ही एका तपासणीत बाद झाले.

हॉटस्पॉटवरही लॅपटॉप जोडला गेला नसता, तर शोध उलट्या दिशेने, लॅपटॉपच्या पोटात करावा लागला असता. तेथे काय काय सापडते ते थोडे सांगणे योग्य होईल, कारण बहुतेक घरांत दोष तेथेच निघतो. कळफलकाच्या वरच्या ओळीत विमानाची खूण असलेली कळ असते. ती पुसताना, झाडताना किंवा नातवंडाच्या बोटाने दाबली गेली की वायफाय मुकाट्याने बंद होते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला यासाठी एक वेगळी सरकती खिट्टीच असे. मोठ्या अद्यतनानंतर कार्डाचा ड्रायव्हर बिघडतो. तो काढून पुन्हा बसवावा किंवा आधीच्या आवृत्तीवर न्यावा लागतो. कार्यालयात किंवा वसतिगृहात कोणी लॅपटॉपला एक ठरावीक आकडी पत्ता हाताने भरून दिलेला असतो. तो तेथे चाले. घरी आल्यावर जोडणी होते, पण पान एकही उघडत नाही. पत्ता ‘आपोआप घ्यावा’ असे ठरवून दिले की भागते. लॅपटॉपचा आकडी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कोणीही पत्ता दिला नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी हवेतील जोडणी झालेली असते. पत्तेवाटप अडलेले असते.

आणि घड्याळ. आतील छोटी बॅटरी संपलेला जुना लॅपटॉप काही दिवस बंद राहिला की त्याची तारीख अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळे आपल्या खरेपणाचा जो दाखला दाखवतात त्यावर मुदत लिहिलेली असते. लॅपटॉपच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो प्रत्येक संकेतस्थळावर अविश्वास दाखवतो. माणसे राउटरला दोष देत बसतात आणि चुकलेली तारीख पडद्याच्या कोपऱ्यात सर्वांसमोर असते.

या सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तक्रारीचे शब्द. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीवर कोणालाच काही सांगता येत नाही. नाव दिसतच नाही, ही एक तक्रार. नाव दिसते, पण पासवर्ड घेत नाही, ही दुसरी. जोडले गेले असे म्हणते, पण पान उघडत नाही, ही तिसरी. पहिलीत दोष रेडिओ-लहरीत असतो, दुसरीत ओळख पटण्यात, तिसरीत पत्त्यांत किंवा त्यापलीकडे. दुकानदाराला हे एवढे जरी नेमके सांगितले तरी पुष्कळदा ‘फॉरमॅट’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. या घरातील तक्रार पहिली होती. नावच दिसत नसताना मुलाने पासवर्ड तीनदा बदलून पाहण्याचा घाट घातला होता. तो प्रश्न अजून दारापर्यंत आलाच नव्हता.

तिसरी परीक्षा अण्णांनी सुचवली, कारण तारेवर त्यांचा विश्वास अधिक. राउटरबरोबर आलेली पिवळी लॅन केबल माळ्यावरच्या पिशवीत तशीच होती. तिचे एक टोक राउटरच्या मागे, दुसरे लॅपटॉपच्या कडेला. नेट सुरू झाले. आता राउटर पत्ता देतो, नावे सोडवतो, बाहेर जातो, हेही सिद्ध झाले. लॅपटॉप शुद्ध, राउटर शुद्ध, बाहेरची लाइन शुद्ध. दोष राहिला तो दोघांमधल्या पंधरा फूट हवेत.

येथे नात अडली. दोन्ही टोके चांगली आणि मधली हवा वाईट, हे तिच्या समजुतीत बसेना. राउटरच्या पाठीवरील बारीक छिद्रात टाचणी घालून ‘सगळं पहिल्यासारखं’ करावे, असे तिने सुचवले. सुदैवाने टाचणी सापडली नाही. राउटर बंद करून चालू करणे आणि ते छिद्र दाबणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्र दाबल्यावर वायफायचे नाव व पासवर्ड तर जातोच, पण सेवा देणाऱ्या कंपनीने आत भरून ठेवलेली जोडणीची माहितीही पुष्कळदा पुसली जाते, आणि एका लॅपटॉपचा प्रश्न साऱ्या घराचा होतो. लॅपटॉपमधील ‘नेटवर्क रीसेट’ त्या मानाने निरुपद्रवी. त्याने फाइली जात नाहीत, साठवलेली सर्व वायफाय नावे व पासवर्ड मात्र जातात. तोही शेवटचाच उपाय.

अण्णांनी आपली वही काढली. टेलिफोन खात्यातील सवयीने ते घरातील प्रत्येक यंत्राची नोंद ठेवत. पंप केव्हा दुरुस्त केला, इन्व्हर्टरमध्ये पाणी केव्हा घातले, गॅसची नळी कोणत्या महिन्यात बदलली. घरच्यांना ती वही हा थोडा थट्टेचा विषय होता. तीत लॅपटॉपच्या पानावर दोन जुन्या नोंदी निघाल्या. पहिली दिवाळीतली: ‘सकाळी वायफाय दिसले नाही. राउटर बंद-चालू. ठीक.’ दुसरी फेब्रुवारीतली: ‘वीज गेली होती. आल्यावर वायफाय दिसले नाही. राउटर दोनदा बंद-चालू. ठीक.’ दोन्ही वेळा फोनना काही त्रास झाल्याची नोंद नव्हती.

बंद करून चालू करणे हा उपाय म्हणून वाईट नाही. नोंद म्हणून मात्र तो काहीच सांगत नाही. तो दोष घालवतो आणि त्याबरोबर दोषाचा मागही पुसून टाकतो. परंतु येथे दोन नोंदी शेजारी शेजारी आल्या आणि त्यांतून एक गोष्ट दिसली. प्रत्येक वेळी राउटर नव्याने सुरू होताना काहीतरी बदलत होते. कधी ते लॅपटॉपला मानवे, कधी मानवत नसे. फोनना मात्र नेहमीच मानवे.

‘‘राउटर कुठल्या जोडीवर बोलतो?’’ अण्णांनी विचारले. टेलिफोनच्या केबलमध्ये शेकडो तारांच्या जोड्या असतात, आणि ग्राहक कोणत्या जोडीवर आहे ही नोंद चुकली की भलताच फोन खणखणतो. नातीला प्रश्न प्रथम कळला नाही. मग एकाएकी कळला. ‘‘चॅनेल?’’

केबल जोडलेलीच होती. राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर १९२.१६८.१.१ हा पत्ता आणि आत शिरण्याचा संकेतशब्द होता. तो ब्राउझरमध्ये टाकल्यावर राउटरचे आतले पान उघडले. २.४ गिगाहर्ट्झच्या रकान्यात लिहिले होते: चॅनेल ‘आपोआप’, सध्याचे चॅनेल १३.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे एक सलग रस्ता नव्हे. त्याच्या वाटा पाडलेल्या आहेत. पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, पुढचे प्रत्येक पाच-पाच मेगाहर्ट्झ पुढे, अकरावे २४६२वर, तेरावे २४७२वर. भारतात आणि युरोपात तेराही वाटा मोकळ्या आहेत. अमेरिकेत मात्र नियमांमुळे या पट्ट्यातील वायफाय बहुतेक पहिल्या अकरांपुरतेच ठेवतात, आणि त्या बाजारासाठी बनवलेली उपकरणे, विशेषतः जुनी, बारावे व तेरावे चॅनेल ऐकतच नाहीत. त्यांच्या लेखी त्या वाटांवर कोणी नसतेच. लॅपटॉप अमेरिकेतून आलेला होता. त्याचे कार्ड ५ गिगाहर्ट्झ जाणत नव्हते, म्हणून राउटरची दुसरी लहरही त्याला उपयोगाची नव्हती. येथे घेतलेले फोन तेरावे चॅनेलही ऐकत आणि ५ गिगाहर्ट्झही. म्हणून एकाच खोलीत, एकाच राउटरसमोर, फोनना घर दिसत होते आणि लॅपटॉपला नव्हते.

आणि विजेचा संबंध? तो होता, पण घरच्यांनी मानला तसा नव्हे. ‘आपोआप’ या आज्ञेचा अर्थ असा, की राउटर सुरू होताना आसपासची गर्दी पाहतो आणि त्यातल्या त्यात मोकळी वाट निवडतो. वीज गेली, आली, राउटर नव्याने सुरू झाला, आणि त्याने तेरावी वाट निवडली. दिवाळीत आणि फेब्रुवारीतही हेच झाले असावे. तेव्हा दुसऱ्या फेरीत अकराच्या आतली वाट मिळाली आणि सर्वांनी ‘झाले ठीक’ म्हणून पाठ फिरवली. दरम्यान शेजारच्या भूखंडावर नवी इमारत उठून तेथे माणसे राहायला आली होती. त्यांच्या राउटरांनी खालच्या वाटा भरल्या. या वेळी तीनदा बंद-चालू करूनही घरच्या राउटरला तेरावीच मोकळी वाटली. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

पुढचे काम एका मिनिटाचे. ‘आपोआप’ काढून चॅनेल हाताने ठरवायचे. कोणते? नातीने सरळ १२ निवडण्याचा विचार केला होता. ते तर लॅपटॉपला तितकेच अदृश्य. प्रत्येक वायफाय-लहर साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते आणि वाटा पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत, त्यामुळे शेजारच्या वाटा एकमेकींत शिरतात. एकमेकींना न शिवणाऱ्या तीनच: १, ६ आणि ११. फोनवर आसपासची चॅनेले दाखवणारे एक मोफत ॲप तिने उतरवले. पहिल्यावर चार जण, सहाव्यावर तीन, अकराव्यावर दोन. तिने ११ ठेवले आणि ‘जतन करा’ दाबले. राउटरचा दिवा क्षणभर मालवला, पुन्हा पेटला. लॅन केबल काढली. लॅपटॉपच्या यादीत, शेजाऱ्यांच्या नावांच्या वर, घराचे नाव उभे राहिले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. नाव ‘विसरा’ म्हणून काढलेले असल्याने लॅपटॉपने पासवर्ड मागितला. तो अर्थात वहीत होता, दिनांकासह. अण्णांनी एकेक कळ पाहून तो भरला. चुकीचा. पुन्हा भरला. पुन्हा चुकीचा. नातीने हात पुढे केला, तो अण्णांनी मागे सारला, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर मात्र तेच थबकले. पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसतात. आत काय उमटले ते दिसत नाही. चौकटीच्या कडेला डोळ्याची खूण होती, ती दाबल्यावर उलगडा झाला. सकाळच्या लिखाणानंतर कळफलक मराठीवरच राहिला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी ककाराची आणि टकाराची एक निरर्थक ओळ उमटली होती. मराठीत टंकणाऱ्या घरांतून हा प्रकार किती जणांना नव्या राउटरच्या खर्चात घालतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कळफलक इंग्रजीवर आला, पासवर्ड चौथ्यांदा भरला गेला, आणि जोडणी झाली.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. न्यू जर्सीत दुपार असल्याने धाकट्या मुलाला तेव्हाच व्हिडिओ लावून बातमी देण्यात आली. तो म्हणाला, लॅपटॉप अगदीच जुना झाला आहे, दिवाळीला नवा आणतो. अण्णांनी विचारले, ‘‘नवा तेरावं चॅनेल ऐकतो का ते बघून घे.’’ तिकडून काही क्षण उत्तर आले नाही.

झोपण्यापूर्वी त्यांनी वहीत नोंद केली, आणि ती आधीच्या दोन नोंदींपेक्षा लांब झाली. काय दिसले, काय दिसले नाही, कोणत्या तीन परीक्षा केल्या, प्रत्येकीने काय बाद केले, राउटरचे चॅनेल पूर्वी किती होते आणि आता किती. कागदाची एक पट्टी कापून तीवर ‘२.४ – चॅनेल ११, आपोआप करू नये’ असे लिहून राउटरच्या बुडाला चिकटवली. उद्या सेवा कंपनीचा माणूस येऊन काही बदलून गेला तर काय बदलले ते कळावे म्हणून. पेन ड्राइव्ह नातीने आपल्या कपाटात ठेवला आणि दर रविवारी नवी पाने त्यावर चढवण्याचे काम स्वतःकडे घेतले. एक प्रत घराबाहेरही असावी, म्हणून ती पाने धाकट्या काकाला ईमेलने पाठवण्यात आली.

सकाळी नऊ वाजता अण्णांनी दुकानात फोन करून पोराला पाठवू नका म्हणून कळवले. दुकानदाराने सहज विचारले, काय निघाले. अण्णांनी सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, ‘‘अण्णा, जरा थांबा. माझ्याकडं कालपासून एक दुबईवाल्यांचा लॅपटॉप पडलाय. त्यांच्याही घरच्या फोनला नेट आहे, याला नाही. आधी काय बघायचं म्हणालात?’’

‘‘नाव दिसतंय का दिसत नाही, ते विचारा त्यांना,’’ अण्णा म्हणाले, आणि चष्म्यासाठी खिसा चाचपू लागले.